कोयता आणि पाळणा

रडणाऱ्या तान्ह्याला आईने किती तत्परतेने प्रतिसाद द्यावा, या विचाराचा इतिहास बहुधा जॉन बोल्बी यांच्या १९५१ च्या अहवालापासून सांगितला जातो. आम्हांस तो मेरी एन्सवर्थ यांच्यापासून वाचावासा वाटतो. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत आई-मुलांचे निरीक्षण करीत होत्या. तिथल्या आया शेतात राबत आणि मुले इतरांच्याही कडेवर वाढत. अनेकांनी सांभाळले म्हणून मुलाचा आईशी असलेला अनुबंध असुरक्षित होतो, असे त्यांना आढळले नाही. पुढे १९९७ मध्ये डी वुल्फ आणि व्हान आयझेनडॉर्न यांनी अनेक अभ्यास एकत्र ताडले, तेव्हा आईची संवेदनशीलता आणि मुलाचा सुरक्षित अनुबंध यांचा सहसंबंध अवघा ०.२४ भरला. संबंध आहे, पण सारा भार आईच्या स्वभावावर टाकता येईल इतका नाही.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या आईच्या बाबतीत तर प्रश्न स्वभावाचा नाहीच. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल दोघांनी मिळून फेडायची आणि मजुरी टनावर. मूल पाजायला बसले की तेवढ्या मोळ्या कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढत गेले. तान्हे पाचटावर किंवा झोळीत, राखायला थोरली बहीण, आणि तीही बहुधा शाळेच्या वयाची. मागे आजीपाशी ठेवले तर सहा महिने ताटातूट. बरोबर नेले तर आई हाकेच्या अंतरावर, पण तिचे हात उसात.

कायद्याला पाळणा ठाऊक नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघर होते; २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची होती. पण ऊसतोडणी करणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती, ती मुकादमाच्या टोळीत होती. आणि फड हे रोजगार हमीचे काम नव्हते. (साखरेच्या पोत्यावर मात्र नाव कारखान्याचेच.)

२०२१ मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. ती शाळकरी मुलांची. अंगावर पिणाऱ्या मुलाला पाळणा फडापाशीच लागतो, आणि पाजण्यात गेलेल्या वेळाची मजुरीही.