कापलेल्या गाडीची वंशावळ

प्रीमियर पद्मिनीचा पिकअप करायचा म्हटले की जाणता डेंटर आधी गाडीखाली वाकून बघतो. या गाडीला वेगळी चासी नाही. फियाट ११०० चे घराणे मोनोकॉक बांधणीचे. तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे, खांब आणि टप एकमेकांना धरून उभे असतात आणि सगळे मिळून वजन पेलतात. त्यामुळे टप कापला की गाडीचा कणाच कापला जातो. कापण्याआधी आधार दिला नाही तर मध्यभागी बूड खाली बसते आणि पुढची दारे लागेनाशी होतात. दार हाताने ढकलावे लागले, की ही गाडी घाईत कापली आहे हे ओळखावे.

नीट काम करणारा आधी दारांच्या चौकटींत आडवे अँगल मारून घेतो. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला असते, ती उतरवल्याशिवाय तिकडे वेल्डिंगची ठिणगी पडू देत नाही. मग मागची सीट, मागची दारे, काच आणि डिकीचे झाकण निघते. उंबऱ्यांना लागून पुढून मागपर्यंत दोन लोखंडी चॅनेल जातात आणि मागचे कमानपाटे जिथे टांगलेले असतात तिथे जोडले जातात. एवढे झाल्यावरच कटर टपाला लागतो. ड्रायव्हरच्या पाठीमागे नवी भिंत उभी राहते, तिच्यात छोटी काच बसते, त्यामागे हौदा आणि हौद्याला फाळका. पाट्यांमध्ये एखादा पाटा वाढवतात. इंजिन मात्र तेच राहते, १०८९ सीसीचे आणि जेमतेम ४० अश्वशक्तीचे. भरलेला हौदा घेऊन चढ चढताना त्याची सारी ताकद पणाला लागते.

गाडीची नासाडी केली, असे या कामाकडे बघून म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पिकअप नावाची वस्तू जन्मालाच मुळी अशी आली आहे.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि काही वर्षांतच तिच्या मालकांनी मागचा भाग काढून तिथे लाकडी पेटी बसवायला सुरुवात केली. त्या गाडीला शिडीसारखी स्वतंत्र चासी होती. बॉडी वर नुसती बोल्टने बसवलेली, त्यामुळे बदल सोपा होता. शिकागोच्या स्मिथ फॉर्म-अ-ट्रक या कंपनीने तर गाडी लांब करून तिचा मालट्रक करण्याचे तयार साहित्यच विकायला काढले. लोक आपल्या गाडीचे काय करताहेत हे बघून फोर्डने १९१७ साली एक टनाची मॉडेल टीटी आणली आणि १९२५ च्या एप्रिलमध्ये, मागे पोलादी पेटी लावलेली मॉडेल टी स्वतःच विकायला सुरुवात केली. किंमत होती २८१ डॉलर. म्हणजे कारखान्यातला पिकअप हा गॅरेजातल्या पिकअपनंतर आला, त्याच्याकडे बघून आला.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून हृद्य आहे. व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड भागातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. तिचे मागणे असे, की रविवारी चर्चला जाताना पावसात भिजायला होऊ नये आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी द्या. बँकांकडून मोटारीसाठी कर्ज मिळणे अवघड होते, कामाच्या गाडीसाठी मिळे. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुइस बँट या विशीतल्या तरुणाने पुढे बंद केबिन आणि त्याच पत्र्यातून सलग मागे गेलेला हौदा अशी गाडी आखली. १९३४ साली ती बाजारात आली. ऑस्ट्रेलियन लोक तिला यूट म्हणतात. अमेरिकेने हाच घाट फार उशिरा उचलला, फोर्डने १९५७ साली रँचेरोत आणि शेव्हर्लेने १९५९ साली एल कमिनोत. आज हौशी माणूस जुन्या गाडीचा पिकअप करायला निघतो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये बहुधा एल कमिनोचाच फोटो असतो. त्यामागे डुकरे बाजारात नेणारी ती बाई आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

आता मुंबईकडे येऊ. जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ साली सुरू केला. थोड्याच दिवसांत फोर्डही मुंबईत आली. सुटे भाग पेट्यांतून बंदरात उतरत आणि इथे गाडी उभी राहत असे. शेव्हर्ले काय, फोर्ड काय, या गाड्या स्वतंत्र चासीच्या. नुसती चासी घेऊन तिच्यावर हवी ती बॉडी चढवणे यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. बग्ग्या-टांगे बांधणाऱ्या सुतार-लोहारांचा हात पुढे मोटारीच्या बॉडीवर बसला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लीमथ, डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या.

मग १९५३ साल आले. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांचा गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात आवळली गेली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे दिवस सुरू झाले. पिकअपच्या आपल्याकडच्या इतिहासातले हे सगळ्यात मोठे वळण, असे मला वाटते. कारण ज्या देशात नवी गाडी मिळत नाही त्या देशात जुनी गाडी मरत नाही. ती हातोहात फिरते. शेठजींची डॉज टॅक्सी होते, टॅक्सीचे इंजिन बसले की तिच्यात दुसऱ्याच कुणाचे डिझेल इंजिन शिरते, आणि टप गंजला की तो कापून मागे हौदा लागतो. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्यावर मोठ्या अमेरिकन गाड्यांचे पेट्रोल कुणालाच परवडेना. त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि त्यांतल्या किती हौदे लावून आणखी दहा-वीस वर्षे जगल्या असतील, याची कुणी मोजदाद ठेवली नाही.

याच काळात कुर्ल्यात फियाटचे पर्व सुरू झाले होते. ११०० ही गाडी १९५४ पासून तिथे येऊ लागली, १९६४ मध्ये ११०० डी, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. सन २००० च्या आसपास ती थांबेपर्यंत मुंबईची टॅक्सी म्हणजे हीच. बॉडी बिल्डरांनी तिच्या स्टेशनवॅगन केल्या, रुग्णवाहिका केल्या, शववाहिका केल्या आणि पिकअप केले. फियाटने ब्राझीलमध्ये आपल्या १४७ या छोट्या गाडीचा पिकअप १९७० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातच बनवला आणि त्याच वंशातला स्ट्राडा आज तिथल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांत आहे. आपल्याकडे तेच काम डेंटरच्या हाती राहिले. पद्मिनीचा एखादा पिकअप रस्त्यात दिसला तर मी आवर्जून थांबून बघतो. प्रत्येकाची पाठ वेगळी असते. कुणी मागच्या काचेला फियाटचीच काच कापून लावलेली, कुणी फाळक्याला घराच्या दाराची कडी बसवलेली, कुणी मागच्या दिव्यांची मूळ जागा हट्टाने राखलेली. साचा नाही, म्हणून प्रत्येक गाडीत ती करणाऱ्याची अक्कल जशीच्या तशी दिसते.

जीपचे घराणे वेगळे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीप जोडायला घेतली. तिला स्वतंत्र चासी, आणि मागचा भाग मुळातच उघडा. तिचा पिकअप करायला फार कापाकापी लागत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला टोचन करून नेणाऱ्या कितीतरी गाड्या अशा जीपच्याच. पुढे महिंद्राने स्वतःच पिकअप काढले आणि आज टोमॅटोच्या क्रेटपासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत सगळे ज्यातून जाते तो बोलेरो पिकअप याच घरातला.

टाटांच्या टेल्कोने तर पुण्यात ही वाट उलटी चालून दाखवली. १९८८ साली त्यांनी टाटामोबाइल हा पिकअप आणला. मग त्याच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट या मोटारी उभ्या केल्या. जगभर मोटारीतून पिकअप निघाला, इथे पिकअपमधून मोटार निघाली. सिएराच्या मागच्या बाजूच्या त्या मोठ्या वळलेल्या काचांचे कौतुक करणारे बरेच जण भेटतात, तिच्या खाली मालवाहू गाडीचा सांगाडा आहे याचे कौतुक फार थोडे करतात.

नवी मुंबई या कथेत उशिरा येते. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८० च्या दशकात इकडे आला, फळे आणि भाजीपाला १९९६ साली. म्हणजे या शहराला माल वाहण्याची मोठी गरज पडली तेव्हा ती भागवायला बजाज टेम्पोची मॅटाडोर होती, १९८६ पासून टाटाची ४०७ होती. मोटार कापून हौदा लावण्याची निकड संपत आली, त्या वेळी वयात आलेले हे शहर. मे २००५ मध्ये टाटा एस आली आणि उरलीसुरली निकडही मिटली. दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे इंजिन, पाऊण टनाच्या आसपास माल आणि सव्वादोन लाखांच्या घरातली किंमत. लोकांनी तिला छोटा हत्ती केले. वाशीच्या मार्केटमधून पहाटे भाजी घेऊन निघणाऱ्याला आता जुन्या फियाटचा टप कापण्याचे काही कारण उरले नाही.

म्हणून आज इथे कुणी जुन्या गाडीचा पिकअप करू म्हणतो, तेव्हा ते पोटासाठी नसते. ती हौस असते, आणि हौसेबद्दल मला तक्रार नाही. सामग्री हाताशी आहे. चॅनेल, अँगल आणि पत्रा कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये मिळतो, फियाटचे जुने भाग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे धुंडाळता येतात, तुर्भे-शिरवण्याच्या पट्ट्यात हात चालणारे कारागीर आहेत. अडते ते पासिंगला.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाट होती. बदल करण्याआधी कळवायचे, मंजुरी घ्यायची, नोंद करून घ्यायची. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले आणि ही वाट अरुंद झाली. कारखान्याने दिलेले मूळ तपशील बदलतील असा फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नव्याने कापलेल्या मोनोकॉक गाडीबाबत ही कडक भूमिका मला मान्य आहे. उंबरे न बांधता टप कापलेली गाडी सायन-पनवेल महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाऊ नये. धडक बसली तर आतला माणूस वाचणार नाही.

जुन्या कापलेल्या गाड्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षे झालेली गाडी, नोंदणी क्रमांकात व्हीए ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. चांगला नियम आहे, त्याने कितीतरी गाड्या भंगारातून वाचतील. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आता विचार करा. १९६६ ची ११०० डी, १९७८ साली रीतसर मंजुरी घेऊन पिकअप केलेली, मालवाहू म्हणून नोंदलेली, वीस वर्षे राबलेली. तिचे हौद्यासह वय आता अर्धशतकाच्या जवळ आले. या नियमाच्या नजरेत ती व्हिंटेज होत नाही. दिवाणखान्यासारखी जपलेली, क्वचितच बाहेर काढलेली गाडी वारसा ठरते आणि जिने धान्य, पेट्या, नळाचे पाइप वाहिले ती भंगारात जाते.

जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा हा फरक करते. तिच्या तांत्रिक संहितेत मूळ रूपातल्या गाड्यांसाठी एक वर्ग आहे आणि त्या त्या काळातच फेरफार झालेल्या गाड्यांसाठी दुसरा. कसोटी काळाची आहे. गाडी वापरात असताना, त्या काळच्या पद्धतीने आणि साहित्याने बदल झाला असेल तर तो तिच्या चरित्राचा भाग मानायचा. आपल्या नियमात असा दुसरा वर्ग घालायला हवा, आणि त्यासाठी पुरावाही मागायला हवा, नाहीतर गेल्या महिन्यात कापलेली गाडी जुनी म्हणून पुढे येईल.

पुरावा असतो. जुन्या आरसी बुकात बॉडीचा प्रकार खोडून नवा लिहिलेला असतो, शेजारी आरटीओचा शिक्का आणि तारीख असते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन नव्याने टाकलेले असते, त्यासाठी गाडी वजनकाट्यावर गेलेली असते. विम्याच्या कागदावर खासगीचे मालवाहू झालेले असते. अशी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी ही पाने शोधावीत आणि हौद्याचे, फाळक्याच्या बिजागऱ्यांचे, उंबऱ्याखालच्या चॅनेलच्या जोडांचे नीट फोटो काढून त्यांच्याबरोबर ठेवावेत.