पेटकरांचा अर्ज

१९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुष्टियोद्धा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला होता. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. पुढे, पिंपरी-चिंचवडला उद्योगनगरीचे रूप देणाऱ्या 'टेल्को'त त्यांनी पुण्यात नोकरी केली.

१९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. त्यांच्या चरित्रात हा अर्ज आम्हांला पदकाइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या पदकाला इतर खेळाडूंच्या पदकांइतकीच किंमत द्या, ही त्यातील मागणी हक्काची होती. अपंगांना समान संधी देणारा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १९९५ मध्ये झाला. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये.

आपले गौरवपर लेखन मात्र अजून 'अपंग असूनही' या शब्दांशीच अडखळते. भाषा शिकविणाऱ्यांनी त्या 'असूनही'तील दया ओळखायला हवी. पेटकरांच्या अर्जात तिला जागा नव्हती.