काबा, ७८६ आणि ‘स्मारक नाणी’: पैसे देण्याआधी काय तपासावे?

उरुसाच्या बाजारात आणि आता मोबाईलवरही काबा, मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट किंवा ७८६ हा आकडा असलेली नाणी विकायला असतात. सोबत मखमली डबी आणि ‘प्रमाणपत्र’ मिळते. विकणारा सांगतो, ‘स्मारक नाणं आहे, पाच वर्षांत दुप्पट होईल.’ दुसरीकडे ‘तुमच्याकडचे ७८६ चे नाणे किंवा नोट लाखांत घेतो’ असे मेसेज फिरतात. दोन्ही ठिकाणी आपल्या अकीद्याचा भाव लावला जातो. म्हणून नाणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ या.

सरकारी स्मारक नाणे कोणते?

नाणी पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे. त्यासाठी २०११ चा नाणे कायदा आहे. टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. २०१४ मध्ये बेगम अख्तर यांच्या जन्मशताब्दीचेही नाणे निघाले.

खऱ्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह, ‘सत्यमेव जयते’, ‘भारत’ आणि दर्शनी किंमत असते. सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते. काब्याचे चित्र आहे पण अशोकस्तंभ नाही, रुपयांची किंमत नाही, तर ते भारताचे नाणे नाही. ते टोकन किंवा मेडल आहे. टोकन विकत घेणे गैर नाही, पण त्याला नाणे म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

स्मारक नाणी दोन प्रकारची. काही रोजच्या व्यवहारात येतात. २०१२ ची वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी त्यातलीच. ‘हे नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती याच नाण्यावरून चालतात, पण ते मोठ्या संख्येने चलनात आलेले साधे नाणे आहे. दुसरी फक्त संग्राहकांसाठी असतात. २०२३ चे संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, त्यात चांदी निम्मीच. अशी नाणी टांकसाळ दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच जास्त भावाने विकते. ती हवी असतील तर सरकारी टांकसाळ महामंडळाकडूनच घ्यावीत.

‘कंपनी सरकार’ची जुनी नाणी

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल, ‘एक आणा’ आणि देवादिकांचे चित्र, अशी तांब्या-पितळेची नाणी सर्रास विकली जातात. ती बनावट आहेत. कंपनीने चलनासाठी असे एक आण्याचे नाणे काढलेच नव्हते. चलनातला एक आणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. त्या काळात कंपनीच्या बंगालमधल्या रुपयांवर फारसी मजकूर आणि मुघल बादशहा शाह आलमचे नाव असे. राजाचा चेहरा असलेला सगळीकडे सारखा रुपया १८३५ पासूनचा.

मुघल नाण्यांच्या नकलाही भरपूर आहेत, विशेषतः जहांगीरच्या राशीचित्रांच्या मोहरांच्या. औरंगजेबाने नाण्यांवर कलमा घालणे बंद केले होते. म्हणून त्याच्या नावाचे ‘कलमेवाले’ नाणे कुणी दाखवले तर लगेच सावध व्हावे. ज्या घरात उर्दू वाचता येते, तिथे निदान नाव आणि हिजरी साल स्वतः वाचून पाहावे.

चांदीचेही तेच. इंग्रज काळातला जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. पण तांबे-पितळही चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर न थांबता सराफाकडे वजन आणि कस तपासून घ्यावा. मुलामा दिलेले टोकन ‘चांदीची बचत’ म्हणून ठेवले, तर गरजेच्या वेळी हाती काहीच येत नाही. जकातीचा हिशेबही चुकतो.

७८६ ची नोट किती दुर्मीळ?

साधे गणित आहे. नोटेचा क्रमांक सहा आकडी असतो. शेवटचे तीन आकडे ७८६ येण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे दहा लाख नोटांच्या प्रत्येक मालिकेत अशा हजार नोटा निघतात. आवड म्हणून जपून ठेवा, हरकत नाही. पण बरकत अल्लाहच्या हातात आहे, नोटेच्या नंबरात नाही.

खरा धोका पुढे असतो. ‘खरेदीदार’ आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचे कमिशन मागतो. पैसे गेले की फोन बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितले आहे की ती अशा जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाही, कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तांदूळ ओढणारे ‘राईस पुलर’ नाणे हीसुद्धा निव्वळ लबाडी.

एवढे लक्षात ठेवा

• विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. आधी पैसे मागितले की व्यवहार तिथेच थांबवा.
• ओटीपी, आधार, बँकेचा तपशील देऊ नका.
• विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला किंमत नाही. पक्के बिल मागा, त्यावर धातू, वजन आणि शुद्धता लिहून घ्या.
• पैसे गेले असतील तर शरमेने गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, मग त्या मालावर काब्याचे चित्र असले तरी. घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः मोबाईलवर एकट्याने व्यवहार करणाऱ्यांना, हे समजावून सांगा.