तळणीच्या तेलाची परीक्षा

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचे (राज्यकाल १७९८ ते १८३२) नाव निघाले की मराठी वाचकास सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह आठवतो. त्यांच्या धन्वंतरी महालाचे स्मरण मात्र क्वचितच होते. तेथे औषधे रोग्यांवर अजमावून पाहिली जात आणि गुणास आलेले उपचार पुढे तमिळ पद्यांत ग्रथित झाले. आधी परीक्षा, मग विश्वास, हा त्या महालाचा धडा होता. नोकरीनिमित्त या नगरीत राहणाऱ्या आम्हांस तो धडा येथील खाणावळींच्या मागील दारी साठणाऱ्या एका वस्तूस लावावासा वाटतो. ती वस्तू म्हणजे तळून उरलेले तेल.

या तेलाच्या इतिहासाचा एक धागा तमिळ मुलुखाशी जुळलेला आहे. एकोणिसाव्या शतकात येथील भुईमूग पाँडेचरी बंदरातून फ्रान्समधील मार्सेय येथे जाई व तेथे त्याचे तेल निघे. पुढे १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डीझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. परंतु खनिज तेल स्वस्त पडू लागले. शिवाय वनस्पतिजन्य तेल डीझेलच्या सुमारे दहापट दाट असल्याने एंजिनात काजळी धरी. यावर तोडगा निघाला तो १९३७ साली. बेल्जियममधील शाव्हान यांनी तेलाचा मद्यार्काशी संयोग घडवून पातळ इंधन करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स व लूव्हें यांच्या दरम्यान त्यावर बस धावली.

तळणीच्या तेलापासून बायोडीझेल करण्याची रीत हीच. तेल गाळून व तापवून त्यातील पाणी घालवितात. वारंवार तापलेल्या तेलात मोकळी आम्ले वाढलेली असतात. त्यांचे प्रमाण मोजूनच कॉस्टिक सोडा घ्यावा लागतो. ताज्या तेलास लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम पुरतो, जुन्यास आम्लाच्या मानाने अधिक. हा सोडा तेलाच्या एक-पंचमांश मिथेनॉलात विरघळवून ५५ ते ६० अंश उष्णतेवर तेलाशी घोटला, की ग्लिसरीन तळाशी बसते. वरचे इंधन पाण्याने धुऊन कोरडे करतात.

ते साधले की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ३ मिलिलिटर इंधन २७ मिलिलिटर मिथेनॉलात हलवून ठेवावे. तळाशी तेल साचल्यास क्रिया अपुरी राहिली असे समजावे. तथापि आम्ल वा पाणी या परीक्षेने उमगत नाही. भारतीय मानक १५६०७ अन्वये आम्लांक ०.५० पेक्षा अधिक चालत नाही, आणि त्याची खात्री प्रयोगशाळाच देऊ शकते. शिवाय मिथेनॉल हे ज्वालाग्राही विष आहे. त्याला स्वयंपाकघरात थारा देऊ नये.

मग हा खटाटोप कशासाठी? टाकाऊ तेल मोठ्या खाणावळीतून स्वस्तात हातगाडीवर जाते आणि तेथून गरिबाच्या पोटात. १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलातील ध्रुवीय द्रव्ये शेकडा २५ हून अधिक झाली ते खाण्यास अयोग्य ठरले. त्याच वर्षी असे तेल गोळा करून त्याचे इंधन करण्याची सरकारी योजनाही निघाली. नियम झाला, योजना झाली; आता कढईपाशी परीक्षा व्हावयास हवी. पोटात जाऊ नये ते एंजिनात जावे, एवढे तरी धन्वंतरी महालाच्या नगरीने पाहावे, अशी आमची अपेक्षा आहे.