गगनचुंबी इमारत आणि साठवलेला वारा

उंच इमारतींचा इतिहास सांगणारे पोलादाचे गुणगान करतात. विजेचा उल्लेख होतो तो जाता जाता. आमच्या मते हा विजेवर अन्याय आहे. लिफ्ट आणि पाण्याचा पंप थांबला की चाळिसावा मजला म्हणजे टाकी आटलेला डोंगरी किल्लाच!

न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली उभ्या राहिलेल्या वूलवर्थ इमारतीने तळघरातच स्वतःचे वीजघर मांडले होते. पुढे शहराच्या तारा सोयीच्या ठरल्या आणि घरची यंत्रे मागे पडली. त्या सोयीची किंमत ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कळली. ईशान्य अमेरिका व कॅनडा येथील सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्कच्या लिफ्टमध्ये माणसे दोन मजल्यांच्या मध्येच अडकून पडली.

कोळशाचा धूर नकोसा झाल्यावर घरच्या विजेची हौस पुन्हा जागी झाली. बहारीनमध्ये २००८ साली २४० मीटर उंचीच्या जोडमनोऱ्यांच्या मधोमध तीन पवनचक्क्या बसवल्या. प्रत्येकीचा व्यास २९ मीटर. एवढा थाट करूनही त्यांनी इमारतीची ११ ते १५ टक्के गरज भागवावी, एवढीच अपेक्षा होती. मग समुद्राकडे वळणे आलेच. डेन्मार्कने विंडेबी येथे १९९१ साली उथळ समुद्रात ११ चक्क्या रोवून त्या वाटेचा प्रारंभ केला होता. साऱ्यांची मिळून शक्ती जेमतेम ५ मेगावॉट.

परंतु वारा काही लिफ्टच्या वेळा पाहून वाहत नाही. हे त्याच डेन्मार्कमध्ये पाऊल ला कूर या शिक्षकाने शंभर वर्षे आधी ओळखले होते. आस्कोव्हच्या शाळेत १८९१ साली त्याने पवनचक्की उभारली. विजेचे संचायक घट महाग, म्हणून त्याने विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला. १८९५ पासून काही वर्षे शाळेचे दिवे त्या वायूवर जळले. मधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा फुटत, ही गोष्ट वेगळी!

घटांना चांगले दिवस आले ते फार उशिरा. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे पवनचक्क्यांशेजारी २०१७ साली १०० मेगावॉटची घटमाला सुरू झाली. लिथियमच्या घटांची तेव्हाची ती जगातील सर्वांत मोठी मांडणी. तथापि पूर्ण जोराने चालवली तर ती सव्वा तासात रिती होई. एवढ्यात मनोऱ्याची संध्याकाळ निभावेल. वारा आठवडाभर पडला तर काय?

मुंबईला याहून दीर्घ साठवण फार आधी लाभली. टाटांच्या योजनेत लोणावळ्याच्या तलावांत पावसाळा अडवला जाई, आणि १९१५ पासून ते पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून उन्हाळ्यातही मुंबईच्या गिरण्या चालवीत असे.