विषय : माणसं. हौशी फोटोंची मुंबईतली सुरुवात

आजचा भाग फोटोंबद्दल आहे, पण नावाजलेल्या फोटोग्राफर मंडळींबद्दल नाही. सकाळी फिरायला निघाल्यावर खिशातला फोन काढून एखादा फोटो टिपणाऱ्यांबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण अशा एखाद्या ग्रुपमध्ये असतील. सोमवारी कुणीतरी विषय देतं. "दारं", "सावल्या", "पिवळा रंग". मग रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या रोजच्या वाटेवरचा एक फोटो टाकायचा. बक्षीस नाही, परीक्षक नाही. एकमेकांचे फोटो बघायचे, दोन शब्द बोलायचे, पुढचा विषय घ्यायचा.

हे सगळं मोबाइल आल्यावर सुरू झालं असं आपल्याला वाटतं. पण ठरावीक मुदत, ठरलेला विषय आणि हौशी लोकांनी एकमेकांना दाखवलेले फोटो, ही गोष्ट मुंबईत १८५६ सालीच छापून निघाली होती. आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला, जो आजही आपल्या ग्रुपमध्ये बसलेला आहे. फोटोतल्या माणसाचं नाव कुठे गेलं?

तर आधी जरा मागे जाऊ. १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध युरोपात जाहीर झाला. पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासला अशा संस्था निघाल्या त्या १८५६ मध्ये, म्हणजे मुंबई पहिली. लष्करातले अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर अशी बरीच मंडळी हौसेखातर सभासद झाली. बहुतेक इंग्रज, पण सगळे नाहीत. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीत होते. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते.

सभासद बैठकीला जमायचे, आपापले प्रिंट मांडायचे, रसायनांची चर्चा करायचे. यातूनच डिसेंबर १८५६ मध्ये विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी एक मासिक काढलं. त्याच्या नावाचं मराठी करायचं तर 'भारतीय हौशी मंडळींचा फोटो-अल्बम'. गंमत म्हणजे हे दोघे स्टुडिओ चालवणारे, धंदेवाईक फोटोग्राफर. पण नाव हौशींचं. दर महिन्याला एक अंक, प्रत्येक अंकात तीन फोटो आणि त्यांची माहिती. फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा रुळलेलं नव्हतं, त्यामुळे खरेखुरे प्रिंट करून ते अंकात चिकटवायचे. असे २४ अंक निघाले. म्हणजे ७२ फोटो, आणि प्रत्येक प्रतीत प्रत्येक फोटो हाताने चिकटवलेला.

त्यात इमारती होत्या, देखावे होते. आणि एक कायमचा विषय होता : पश्चिम भारतातली माणसं आणि त्यांचे पोशाख.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फोटो शेअर करणं आधी आलं, फिरता फिरता फोटो काढणं खूप नंतर. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायचा. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. मुंबईच्या उन्हात त्याहूनही कमी. शिवाय मोठा लाकडी कॅमेरा, तिवई, बाटल्या आणि बाहेर जायचं तर अंधारा तंबू सोबत. असा लवाजमा घेऊन कोण मॉर्निंग वॉकला जाणार? आणि समोरच्या माणसाला तर कित्येक सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागायचं.

म्हणून रस्त्यावरचा माणूस स्टुडिओत आणला जायचा. जॉन्सनने पुढे १८६३ मध्ये मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींवर फोटोंचं मोठं पुस्तक काढलं. त्यात त्याने काय केलं, तर माणसांचे फोटो स्टुडिओत घेतले, त्या आकृत्या कापल्या आणि बाहेरच्या देखाव्यांच्या फोटोंवर बसवल्या. बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं तिथेच उभी होती. म्हणजे चालणं नव्हतं आणि रस्ता मागून जोडलेला. आणि खाली ओळ असायची ती जातीची किंवा धंद्याची. माणूस नमुना म्हणून उभा. त्याचं नाव विचारण्याची गरज बहुधा कुणाला वाटली नाही.

हौसेपुरतं ठीक होतं, असं कुणी म्हणेल. पण हौस तिथेच थांबली नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीला या देशातल्या लोकांच्या फोटोंचा खाजगी संग्रह हवा होता. फोटोची आवड असलेल्या अधिकाऱ्यांनी दौऱ्यावर फोटो काढावेत आणि पाठवावेत, अशी ती कल्पना. मग १८५७ चा उठाव झाला, आणि या खाजगी छंदाचा सरकारी प्रकल्प झाला. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने त्याचे आठ खंड निघाले. फोटो साडेचारशेहून जास्त. मजकुरात कुठली जमात कशी आहे, तिच्यावर भरवसा ठेवावा का, असे शेरेही आहेत. छंदाचा अल्बम बघता बघता सरकारची नोंदवही झाला.

हे खंड बघणाऱ्या एका भारतीयाला काय वाटलं, ते आपल्याला माहीत आहे. सय्यद अहमद खान, पुढे अलीगढचं कॉलेज काढणारे, १८६९ मध्ये लंडनला गेले होते. तिथे इंडिया ऑफिसात त्यांनी हे फोटो पाहिले, मुलंही बरोबर होती. आपल्या देशातली माणसं अशी मांडलेली पाहून त्यांना लाज वाटली, वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. फोटोतल्यांच्या बाजूने बघणारा माणूस पहिल्यांदाच समोर आला, तो असा.

पुढची गोष्ट तंत्राची. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची पद्धत सुचवली. तंबू गेला. १८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला : किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल, संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवून द्यायचा. १९०० मध्ये ब्राउनी आला एक डॉलरला. आता खरोखरच चालता चालता फोटो काढता येऊ लागले, आणि रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच टिपता येऊ लागला.

मग मुंबईच्या रस्त्यांवर होमाई व्यारावाला आल्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, फोटोग्राफी शिकल्या मानेकशॉ यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे लग्न झालं. मुंबईच्या रोजच्या जगण्याचे त्यांचे फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त आले. साप्ताहिक, बरं का. पण सुरुवातीला त्यांवर नाव असायचं मानेकशॉ यांचं, कारण होमाईंना कुणी ओळखत नव्हतं आणि त्या बाई होत्या. इथे तर फोटो काढणाराचंच नाव गळालं. होमाईंचं नाव पुढे परत आलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. जॉन्सनच्या पुस्तकातल्या माणसांचं नाव मात्र परत येण्याची शक्यता जवळजवळ संपली आहे.

म्हणून आपल्या सोमवारच्या विषयाकडे परत येऊ. विषय दिला की डोळे उघडतात, हे खरं. "दारं" म्हटलं की रोजच्या गल्लीतलं जुनं कडीकोयंड्याचं दार पहिल्यांदा दिसतं. पण विषय "माणसं" असला की तोच विषय डोळ्यांवर पट्टीही बांधतो. आपल्याला भाजीवाली हवी असते, चहावाला हवा असतो, सुरकुत्यांचा चेहरा हवा असतो. फोटोखाली आपण लिहितो, "आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी". मावशी म्हटलं की आपलेपणा वाटतो. पण दहा वर्षं ज्यांच्याकडून कोथिंबीर घेतली, त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं का? धंदा लिहिला आणि नाव गाळलं, तर १८५६ च्या अंकात आणि आपल्यात फरक एवढाच, की त्यांना काच ओली करावी लागायची.

आणि त्यांच्याकडे एक सबब तरी होती. त्यांच्या दहा मिनिटांत रसायन सुकायचं. आपल्याकडे वेळच वेळ आहे. तेव्हा पुढच्या वेळी विषय "माणसं" आला, तर फोटो काढायच्या आधी विचारा : काढू का? नाव काय लिहू? त्या नको म्हणाल्या तर फोटो नको. हो म्हणाल्या तर नाव, जागा आणि तारीख खाली लिहा, आणि फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना दाखवा. शंभर वर्षांनी कुणी तो फोटो पाहिलाच, तर त्याला एक भाजीवाली नाही, एक बाई दिसेल, नावासकट.

भेटू पुढच्या भागात. तोवर फिरत राहा.