लायडनच्या बरणीचा धडा

धारित्राचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या कपॅसिटरचा, इतिहास एका हिसक्याने सुरू होतो. ऑक्टोबर १७४५ मध्ये पोमेरेनियात एवाल्ट फॉन क्लाइस्ट यांनी आणि १७४६ च्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे पीटर फान मुशेनब्रुक यांनी घर्षणयंत्राची वीज काचपात्रात साठवली. यंत्र बाजूला सारल्यावरही पात्रातील वीज टिकून होती. हे कळले ते स्पर्श करणाऱ्याला बसलेल्या जबर धक्क्यामुळे.

जाणकारही यातून सुटले नाहीत. २३ डिसेंबर १७५० रोजी फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन दोन मोठ्या बरण्यांच्या विजेने टर्की पक्षी मारू पाहत होते. तो प्रवाह त्यांच्याच देहातून गेला आणि ते काही क्षण बेशुद्ध झाले.

१८९० च्या दशकात चार्ल्स पोलाक यांनी काचेऐवजी ॲल्युमिनियमवरील अतिशय पातळ ऑक्साइडचा थर विद्युतरोधक म्हणून वापरला. थर जितका पातळ तितकी धारकता अधिक. म्हणून बोटभर डबीत मोठा प्रभार मावू लागला. मात्र हा थर एकाच दिशेचा दाब सहन करतो. ध्रुव उलटे जोडले की तो नष्ट होतो, आत वायू साचतो आणि धारित्र फुटते.

साठलेली ऊर्जा धारकतेच्या निम्मे गुणिले दाबाचा वर्ग इतकी असते. एक नॅनोफॅरडची बरणी २०,००० व्होल्टला ०.२ जूल साठवते. आपल्याकडील २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा एकदिश केला की शिखरदाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. त्यावर १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ५ जूलांहून अधिक, म्हणजे त्या बरणीच्या पंचवीसपट ऊर्जा धरते. पुरवठ्यातील चढउतार लक्षात घेता येथे ४०० व्होल्ट क्षमतेचे धारित्र निवडावे. १२ व्होल्टच्या मंडलात २५ व्होल्टचे पुरे.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी शक्यतो कमी दाबाच्या मंडलांवरच काम करावे. घरगुती पुरवठ्यावरील मंडल जाणकाराच्या देखरेखीशिवाय उघडू नये. प्लग काढल्यावर २२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आवरणयुक्त तारांनी धारित्राच्या दोन टोकांना जोडावा. सुमारे ११ सेकंदांत दाब एक टक्क्याखाली येतो. तरीही मीटरने खात्री केल्यावाचून हात लावू नये. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडल्यास ठिणगी उडते, धातू वितळतो.

वीज बंद केली म्हणजे वीज संपली, असे नव्हे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी हे शरीराच्या मोलाने कळले. आज त्यासाठी मीटर पुरेसा आहे.